खटला सीमेपलीकडचा, सुरुवात विट्याच्या कोर्टातून

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. परदेशात पळालेल्या आरोपींवर खटले चालवणारी सरकारी वकील व्हायचंय म्हणते, युरोपातल्या ‘युरोजस्ट’चं नाव घेते. एक एजंट म्हणतो, बारावी झाली की थेट युरोपात पाठवा. त्यासाठी जमीन विकावी का?
– एक आई, विटा (जि. सांगली)

ताई, जमीन विकू नका. पोरीचं स्वप्न चांगलं आहे, एजंटानं दाखवलेली वाट मात्र उलटी आहे.

युरोजस्ट ही सीमेपलीकडच्या गुन्ह्यांत युरोपीय देशांच्या सरकारी वकिलांचा मेळ घालणारी संस्था, 2002 पासून नेदरलँड्समधल्या हेगमध्ये काम करते. तिथं युरोपीय महासंघातला प्रत्येक सदस्य देश आपल्याकडचा सरकारी वकील किंवा न्यायाधीश पाठवतो. भारतातून गेलेल्या विद्यार्थिनीला ती जागा मिळणार कशी? 2021 पासून लक्झेंबर्गमध्ये युरोपीय सरकारी वकिलांचं स्वतंत्र कार्यालयही आहे. महासंघाच्या पैशावर डल्ला मारणाऱ्यांवर ते स्वतः खटले भरतं, पण ते चालतात त्या त्या देशाच्या कोर्टात. डेन्मार्क, आयर्लंड, हंगेरी तर त्यात सामीलच नाहीत. शिक्षा करण्याचा अधिकार कुठलाच देश सहजी सोडत नाही, आणि मला ते रास्त वाटतं. माणसाला तुरुंगात टाकणाऱ्या यंत्रणेला तिथल्या लोकांना जाब विचारता आला पाहिजे.

तिला 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमचं प्रकरण नीट वाचायला सांगा. फाशी देणार नाही, 25 वर्षांहून जास्त कैदेत ठेवणार नाही, अशी हमी भारतानं दिली, तेव्हा 2005 मध्ये पोर्तुगालनं त्याला सोपवलं. पुढं त्याला जन्मठेप झाली, तरी ती हमी केंद्र सरकारला पाळावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं.

हे काम भारतातही आहे. परदेशातला पुरावा हवा असेल, तर फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 खाली आपलं कोर्ट तिकडे विनंतीपत्र पाठवू शकतं. त्यात गुन्हा असा मांडावा लागतो, की परक्या न्यायाधीशालाही तो पटावा. ही हातोटी आरोपपत्रं वाचून, साक्षीदार तपासूनच येते.

म्हणून आत्ता लॉच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट, दोन्ही परीक्षा द्या. सांगली, साताऱ्यात लॉ कॉलेजं आहेत. साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला कॉलेज रयतचं आहे. पदवीनंतर चांगल्या फौजदारी वकिलाकडे ज्युनिअरशिप, मग एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील. परदेशी एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर, तेही शिष्यवृत्ती मिळाली तर. परीक्षा झाली की तिला विट्याच्या कोर्टात बसून खटले ऐकू द्या.

एजंटाला आगाऊ पैसे दिले असतील, तर पावती जपा आणि रक्कम लेखी मागणी करून परत मागा.