म्हणीतला हत्ती
पावसाच्या म्हणी गोळा करायला निघालायस ना, मग आधी नक्षत्रांचा हिशेब पक्का कर. सूर्य एका नक्षत्रात 13-14 दिवस असतो. मृग 7-8 जूनला लागतो, हस्त सप्टेंबरअखेर. हे ठाऊक नसलं की 'पडेल हत्ती तर पडतील भिंती' मधला हत्ती खराखुरा वाटतो. (मला वाटला होता!) तो हस्ताचा धुवाधार पाऊस. भोंडल्यात पाटावर हत्ती काढतात, तोही त्याचाच.

सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नकोस. 'भात खाईना कुत्रा' कुणी उत्तरा नक्षत्राला जोडतं, कुणी चित्रा नक्षत्राला. दोन्ही लिही, गावासकट. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन, बेडूक-म्हैस वगैरे, लोकश्रद्धा म्हणून जरूर टिप. त्यावरून पेरणीचा सल्ला मात्र देत सुटू नकोस.