जुन्या माउंटन बाइकचं हँडल सरळ ठेवलं की मध्येच अडकतं, हात सोडून चालवता येत नाही. काय बिघडलं असेल?

बहुतेक हेडसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, म्हणजे वाट्या आणि त्यांतले छरे) गेलाय. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवा. बरोबर मधोमध ‘टक्’ करून बसत असेल, तर वाट्यांमध्ये छर्‍यांचे खळगे पडलेत. सायकल बहुतांश वेळ सरळच चालते, त्यामुळे छरे त्याच जागी सूक्ष्म हलत राहतात, तिथलं ग्रीस निघून जातं आणि वाटी झिजते. नट ढिला करून अडकणं कमी होईल, पण खळगे जात नाहीत.

मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. वरच्या वाटीपाशी बोट ठेवल्यावर खडखड जाणवली तर हेडसेट ढिलाही आहे. (चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, सस्पेन्शनचा असेल तर त्याचे बुशही असेच हलतात, गल्लत नको.)

तात्पुरता इलाज स्वस्त आहे: पिंजर्‍यातले (एका कड्यात अडकवलेले) छरे काढून त्याच मापाचे सुटे छरे ग्रीसमध्ये बसवा. संख्या बदलते, त्यामुळे सगळे एकदम जुन्या खळग्यांत बसत नाहीत. नवा हेडसेट घेताना मात्र चिमट्याच्या दांड्याचं माप आधी घ्या, १ इंच आणि सव्वा इंचाच्या मध्ये १ १/८ इंचही असतो.

हँडल मोकळं फिरतंय, तरी सायकल एका बाजूला ओढते? मग चिमटा वाकलाय का ते बघा.