वाचकांचे प्रश्न : झेड/व्हीएमचे पहिले धडे

आमच्या सहा जणांना लिनक्स चांगलं येतं, पण मेनफ्रेम कोणीच हाताळलेला नाही. एकाच मेनफ्रेमवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या झेड/व्हीएमची तोंडओळख कुठून सुरू करावी?

इतिहासापासून नको. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० हा त्याचा पूर्वज जाहीर केला, एवढं सांगून पुढे सरका. पहिला दिवस एकाच मुद्द्यावर घालवा : टाइप केलेली कमांड ऐकतंय कोण? सीपी हा खालचा थर. प्रत्येक युजरला प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असलेलं वेगळं मशीन मिळाल्याचा भास तो करून देतो. सीएमएस ही त्या मशीनमध्ये चालणारी, एकाच माणसापुरती छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. नवख्यांचे निम्मे घोटाळे या दोघांच्या गल्लतीतून होतात.

हे तोंडी सांगून पटत नाही, करून दाखवा. १९१ डिस्कवर (युजरची स्वतःची डिस्क) एक्सएडिट या एडिटरने छोटी फाइल लिहून सेव्ह करायला लावा. मग मशीनची मेमरी ६४ एमबी करणारी ‘डिफाइन स्टोरेज ६४एम’ द्यायला सांगा (डिरेक्टरीत, म्हणजे युजर आणि त्यांच्या मशीनची नोंद असलेल्या यादीत, त्या युजरची कमाल मर्यादा तेवढी हवी). मेमरी पुसली जाते, सीएमएस नाहीसं होतं आणि उजव्या कोपऱ्यात ‘सीपी रीड’ (आता सीपी कमांडची वाट पाहतोय) दिसतं. सगळे दचकतात. ‘आयपीएल सीएमएस’ (म्हणजे सीएमएस बूट कर) दिलं की सीएमएस परत येतं आणि फाइल जागेवर असते. मशीन, त्यातली सिस्टिम आणि डिस्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे डोक्यात बसतं.

सरावाची खाती फक्त जी क्लासची (साध्या युजरच्या अधिकारांची) ठेवा, मेंट हे सिस्टिम सांभाळण्याचं खातं कोणाला देऊ नका. सीएमएसला न कळलेली कमांड ते सहसा सीपीकडे सरकवतं. लिनक्सच्या सवयीने कोणी मेंटवरून ‘शटडाउन’ टाइप केलं, तर आपलं मशीन नव्हे, सगळ्यांची अख्खी सिस्टिम बसते.

लांबलचक यादी आली की स्क्रीन अडकते. एंटर दाबूनही सुटत नाही.

एंटरनेच अडकते. कोपऱ्यात ‘मोअर’ आलं की क्लिअर दाबा. नाही दाबलं तरी साधारण मिनिटभराने स्क्रीन आपोआप पुढे जाते. एंटर दाबलं की ‘होल्डिंग’ येतं, मग क्लिअर दाबेपर्यंत ती हलत नाही. टर्मिनल इम्युलेटरमध्ये क्लिअर कोणत्या कीवर आहे, हे वर्ग सुरू होण्याआधीच फळ्यावर लिहा.

संध्याकाळी कन्सोलवरून लॉगऑफ केलं, सकाळी लिनक्स गेस्ट (त्या आभासी मशीनमध्ये चालणारं लिनक्स) बंद!

लॉगऑफ म्हणजे त्या मशीनची वीज काढणं. गेस्ट चालू ठेवून निघायचं तर ‘#सीपी डिस्कनेक्ट’. परत लॉगऑन केल्यावर ‘सीपी रीड’ दिसलं, तर ‘बिगिन’ द्या. गेस्ट तिथे थांबलेला असतो, मेलेला नसतो.

नवी मिनीडिस्क (खऱ्या डिस्कचा युजरला दिलेला तुकडा) फॉरमॅट केली आणि दुसऱ्याच युजरच्या फाइली खराब झाल्या. असं कसं?

दोन मिनीडिस्क एकमेकींवर चढल्या आहेत. डिरेक्टरीतल्या एमडिस्क ओळीत सुरुवातीचा सिलिंडर (डिस्कवरची जागा मोजण्याचं एकक) आणि लांबी असते, शेवट आपण काढायचा. १०१ पासून ५० सिलिंडर दिले तर शेवटचा १५०, १५१ नव्हे. पुढची डिस्क १५० पासून दिली की एक सिलिंडर दोघांचा होतो, आणि डिरेक्टरी लागू करणारी डायरेक्टएक्सए कमांड ही चूक अडवत नाही. नुकसानही लगेच दिसत नाही. सामाईक सिलिंडरवर कोणी लिहिलं की मगच कळतं.

म्हणून हाताने डिरेक्टरी बदलली की आधी डिस्कमॅप चालवा. मोकळ्या जागा आणि चढलेल्या डिस्क तो दाखवतो. व्हॉल्यूमचा (खऱ्या डिस्कचा) सिलिंडर ० कोणाला देऊ नका, तिथे लेबल असतं. ३३९० या प्रकारच्या डिस्कच्या एका सिलिंडरमध्ये सीएमएसचे ४ केबीचे १८० ब्लॉक बसतात, म्हणजे ५० सिलिंडरना साधारण ३५ एमबी. डिरेक्टरी सांभाळणारं डिरमेंट असेल तर जागेचा हिशोब त्याच्यावरच सोपवा. पण शिकणाऱ्यांकडून एकदा तरी तो कागदावर करून घ्या.