'पुरुषवाद' हा शब्द वापरावा का?

प्रश्न असा आला आहे: एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाई वादविवाद स्पर्धा घेणार आहेत. मुलांनी विषय सुचवला, 'स्त्रीवाद विरुद्ध पुरुषवाद'. पुरुषांचेही प्रश्न आहेत, त्यांच्या बाजूने बोलणारा तो पुरुषवादी, असं मुलांचं म्हणणं. 'पुरुषवादी' ही तर शिवी आहे, असं मुलींचं म्हणणं. यात बरोबर कोण? आणि 'बायकी'च्या उलट शब्द 'पुरुषी' धरायचा का?

बाई, शब्दाच्या बाबतीत मुली बरोबर आहेत. मुद्द्याच्या बाबतीत मुलांचंही खरं आहे, फक्त त्यांनी निवडलेला शब्द त्यांच्या मुद्द्याला पेलत नाही. कसं ते सांगतो.

'वाद' हे उत्तरपद मराठीत दोन तऱ्हांनी वापरलं जातं आणि सगळा घोळ तिथेच होतो. त्याच्या आधी एखादं मूल्य किंवा कल्पना असली की तयार होते विचारसरणी: समतावाद, मानवतावाद, बुद्धिवाद. पण आधी माणसांचा गट आला, किंवा ज्यावरून माणसं गट करतात अशी गोष्ट आली, की त्याच 'वादा'ला पक्षपाताचा वास येऊ लागतो: जातिवाद, वंशवाद, प्रांतवाद. जातिवादी म्हणजे जातिव्यवस्थेचा विचार करणारा असं कुणी समजत नाही. आपल्या जातीची तळी उचलणारा तो जातिवादी. आता 'स्त्री' हाही माणसांचा गट. त्यामुळे 'स्त्रीवाद' हा शब्द अर्थाने समतावादाच्या कुळातला असूनही कानाला जातिवादाच्या कुळातला वाटतो. 'स्त्रीवादी म्हणजे बायकांची बाजू घेणारे' हा समज नुसत्या आकसातून आलेला नाही, शब्दाच्या घडणीनेही त्याला हात दिला आहे. त्यात दिवाणी कोर्टातला 'वादी' आपल्या रोजच्या कानावरचा. वादी आला की समोर प्रतिवादी उभा राहणारच. स्त्री वादी, तर प्रतिवादी कोण, हे सांगायला लागत नाही.

'पुरुषवाद' मात्र घडणीनेही दुसऱ्या कुळातला आणि वापरानेही. 'पुरुषवादी मानसिकता' हा शब्दप्रयोग हिंदी वर्तमानपत्रांत सर्रास दिसतो, तिथून तो आपल्याकडेही झिरपला. मराठीचे मुरलेले शब्द 'पुरुषप्रधान' आणि 'पुरुषी'. तिन्हींचा रोख एकच, बाईला खाली ठेवणारी दृष्टी. शब्दाला एकदा असा अर्थ चिकटला की 'मी तो चांगल्या अर्थाने वापरतोय' असं सांगून भागत नाही. ऐकणारा रुळलेल्या अर्थानेच ऐकतो.

'स्त्रीवाद' हा शब्द सामान्य मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला तो बराच अलीकडे, विशेषतः समीक्षेतून आणि विद्यापीठांतल्या अभ्यासातून. १९७५ सालच्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात मुंबई-पुण्याकडे जी चळवळ उभी राहिली तिचा शब्द होता 'स्त्रीमुक्ती'. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, 'स्त्रीशिक्षण' होतं, 'स्त्रीस्वातंत्र्य' होतं. 'मुक्ती' म्हटलं की कशापासून, हा प्रश्न आपोआप येतो आणि त्याचं उत्तर 'पुरुषापासून' असंच असायला हवं असं नाही. रूढीपासून मुक्ती असेल, मारझोडीपासून असेल, अज्ञानापासून असेल. मला स्वतःला तो शब्द जास्त आवडतो. 'मुक्ती'वरून वात्रट विनोद झाले, बायका मुक्त झाल्या म्हणजे मोकाट सुटल्या असंही लोक म्हणाले, तरी त्या शब्दाने कुणाला प्रतिवादी करून ठेवलं नव्हतं.

आणखी मागे जा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'स्त्रीपुरुष तुलना'. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचं. तिच्यावर बालहत्येचा आरोप शाबीत झाला आणि त्या बातमीवरून वर्तमानपत्रात समस्त स्त्रीजातीवर ताशेरे झोडले गेले. ताराबाईंनी ज्या ज्या दुर्गुणांचं खापर बाईच्या माथी फुटतं, ते एकेक घेऊन पुरुषाच्या वागण्याशेजारी ठेवले. पुस्तकावर टीका उठली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून ताराबाईंची पाठराखण केली. शब्दाच्या अंगाने मला यात मोलाचं वाटतं ते शीर्षक. मराठीतल्या या पहिल्यावहिल्या स्त्रीवादी लेखनाच्या नावातच पुरुष आहे. बाईचा विचार करायचा तर पुरुषाचाही करावा लागतो, हे त्यांनी कोणताही 'वाद' जन्माला येण्याआधी ओळखलं होतं. त्यामुळे पुरुषांचे प्रश्न काढले की स्त्रीवादाला छेद जातो, हे मुलांनी गृहीत धरू नये आणि मुलींनीही.

तुलनाच करायची तर दोन शब्द शेजारी ठेवून पाहू. विधवा आणि विधुर. 'विधवे'भोवती केवढा शब्दसंसार आहे: केशवपन, सोवळी बाई, पांढरं कपाळ, आणि 'रांड' ही उघडउघड शिवी. 'विधुर' पुस्तकी, पत्रिकेत आणि लग्नाच्या जाहिरातीत भेटणारा. बोलण्यातला जुना शब्द 'बिजवर'. बिजवर म्हणजे दुसरेपणाचा नवरदेव, आणि तिसऱ्यांदा उभा राहिला तर तिजवर! बायको गेलेल्या माणसाला आपल्या भाषेने त्याच्या दुःखावरून नाव दिलंच नाही, पुढच्या लग्नावरून दिलं. बाईवरचा अन्याय यात उघड दिसतोच, दिसायलाच हवा. पण सत्तरीत एकटा पडलेला, आयुष्यात कधी कुकर न लावलेला आणि ज्याच्याजवळ बसून रडावं असं माणूस न उरलेला म्हातारा या शब्दांत कुठे बसतो? त्याचं एकटेपण भाषेला दिसतच नाही. बाईला दुःखात डांबणारी आणि पुरुषाचं दुःख मोजणीत न धरणारी रूढी एकच आहे.

सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरात लग्न न जमलेले तरुण डोक्याला बाशिंग बांधून, काही जण घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोकांनी दात काढले. चित्रफिती फिरल्या, 'लग्नाळू' हा शब्द पुन्हा चलनात आला. त्यांच्या मागण्यांतली एक मात्र कान देऊन ऐकण्यासारखी होती: गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. मुलगी पोटातच मारू नका म्हणून मुंबईतल्या स्त्री संघटना आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते १९८० च्या दशकात रस्त्यावर होते. त्यांच्याच रेट्याने १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा. म्हणजे बाशिंग बांधलेल्या त्या तरुणांची मागणी स्त्रीमुक्तीवाल्यांनी तीन दशकांपूर्वीच मांडली होती. शेतीचं उत्पन्न, नोकरी नसणं, मुलींच्या वाढलेल्या अपेक्षा ही कारणं लग्न न जमण्यामागे आहेतच. पण जन्मालाच न आलेल्या मुली हे कारण बाजूला ठेवून कुणाला तिथे 'पुरुषवाद' मांडता येणार नाही.

इथे आणखी एक जोडी हवी: पुरुषसत्ता आणि पितृसत्ता. लेखनात दोन्ही एकमेकांच्या जागी येतात. माझं मत 'पितृसत्ते'च्या बाजूचं. पुरुषसत्ता म्हटलं की सगळे पुरुष सत्ताधारी ठरतात, आणि वीस वर्षांचा बेकार मुलगा साहजिकच विचारतो, माझ्याकडे कसली सत्ता आहे? पितृसत्तेत सत्ता आहे ती घरातल्या थोरल्याकडे. तो बायकोवर चालवतो, सुनेवर चालवतो तशी धाकट्या भावावर आणि मुलावरही चालवतो. शिक्षण कुठलं घ्यायचं, लग्न कुणाशी करायचं, पगार कुणाच्या हातात द्यायचा, हे मुलाचंही तोच ठरवतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की मुलगा पुढे त्या जागेवर बसू शकतो. मुलीला ती जागा परंपरेने दिली नव्हती. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाइतका हक्क हिंदू मुलीला महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला.

त्या जागेचं नाव 'कर्ता पुरुष'. व्याकरणात वाक्याचा जो कर्ता, तोच शब्द. 'घरातला कर्ता पुरुष गेला' हे वाक्य आपण मृत्यूच्या बातमीत इतक्यांदा वाचलंय की त्यातलं ओझं जाणवतच नाही. कर्त्याने करायचं, कमवायचं, सहन करायचं, आणि नाही जमलं तर तोंड लपवायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद आहे, त्यातले पुरुष १,१८,९७९. दर शंभरात बहात्तरहून अधिक. सर्वांत जास्त नोंदी महाराष्ट्रातल्या. प्रत्येक मृत्यूमागचं कारण वेगळं असणार, सगळं एका शब्दावर ढकलणं अन्यायाचं होईल. पण कर्ज फिटत नाही, किंवा आतून तुटलोय, हे बोलून दाखवणं ज्या घडणीत नामुष्की ठरतं, ती घडण या 'कर्ता'पणातच आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांना पुरुषांच्या प्रश्नांवर बोलायचं असेल तर त्यांनी इथून सुरुवात करावी.

आता 'बायकी' आणि 'पुरुषी'. रूपाने ही जोडी नीट जमते, वजनाने जमत नाही. पुरुषी आवाज, पुरुषी अहंकार, बायकी चाल, बायकी कावा. खरी गंमत हे शब्द कुंपण ओलांडतात तेव्हा कळते. बाईने पुरुषासारखं काही केलं तर तिला 'पुरुषी' म्हणून नाक मुरडता येतं, पण 'मर्दानी' म्हणून गौरवताही येतं. पुरुष बाईसारखा वागला तर 'बायकी' किंवा 'बायल्या', गौरवाची सोयच नाही. हाच 'बायल्या' ज्या 'बाईल' शब्दातून आला, तो जुन्या मराठीत बायकोसाठीचा साधा शब्द, आणि गोव्यात कोंकणीत 'बायल' आजही बायकोला आणि बाईला म्हणतात, त्यात कमीपणाचा लवलेश नाही. शाळेत तुम्हाला मुलं 'बाई' म्हणतात, अहिल्याबाईंच्या नावात 'बाई' आदरासाठी आहे. तोच शब्द मुलग्याला लावला की त्याची शिवी होते.

हाकांमध्येही हेच. आई मुलीला लाडाने 'अरे सोन्या', 'ये रे राजा' म्हणते. कोल्हापूरकडच्या मुली सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, त्यांना कुणी हसत नाही. मुलाला 'अगं' म्हणून हाक मारून पाहा, घर गप्प होईल. वाट एकाच दिशेने मोकळी आहे. आणि मैदानावर 'हातात बांगड्या भर' हे वाक्य एकाच वेळी दोघांना लागतं. ज्याला म्हटलं त्या मुलाला, आणि बाजूला उभ्या असलेल्या, खरोखर बांगड्या घातलेल्या मुलीला. 'बायल्या' ऐकत वाढलेल्या मुलाला बाईबद्दल आदर कुठून वाटणार? जे होण्याची त्याला सतत भीती घातली गेली, तेच ती आहे.

याच भाषेत दुसरी सोय मात्र आहे, आणि ती आपल्या संतांनी करून ठेवली. ज्ञानोबा 'माउली'. विठोबा 'विठाई'. जनाबाईंनी विठोबाला 'लेकुरवाळा' म्हटलं, पोरं अंगाखांद्यावर घेतलेला बाप. पंढरीच्या वाटेवर मिशाळ गडी एकमेकांना 'माउली, माउली' म्हणत पुढे सरकतात आणि कुणालाही त्यात बायकीपणा दिसत नाही. दुसरीकडे एकनाथांच्या भारुडातली बाई 'मला दादला नलगे' असं गाऊन सांगते, आणि गाव ते ऐकतं. अध्यात्माचं रूपक आहे हे मान्य. तरी आईपण पुरुषाला लावता येतं आणि नवरा नको म्हणता येतं, ही वाक्यं मराठीच्या तोंडात शेकडो वर्षं आहेत.

स्पर्धेच्या विषयाबद्दल. 'विरुद्ध' हा शब्द काढून टाका, असं मी आग्रहाने सांगेन. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठी दोघांनी प्रमाणं देऊन केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं, ज्यावरून आपला 'वितंडवाद' आला. जल्पात 'छल' चालतो, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा भलताच अर्थ काढणं. त्याचं ठरलेलं उदाहरण 'नवकंबल'. संस्कृतात 'नव' म्हणजे नवं आणि नऊही: बोलणारा म्हणतो याच्याकडे नवं कांबळं आहे, ऐकणारा म्हणतो छे, नऊ कुठे आहेत, एकच तर आहे! स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष, किंवा पुरुषांचे प्रश्न म्हणजे स्त्रीद्वेष, हे दोन्ही छलच. मुलांना तो ओळखता आला तर स्पर्धा सार्थकी लागली.

शब्द म्हणून 'पुरुषांचे प्रश्न' हा साधा प्रयोग उत्तम. आपल्या पुरुषपणाकडे डोळसपणे पाहणं म्हणायचं असेल तर 'स्त्रीभान'च्या धर्तीवरचा 'पुरुषभान' वापरा. विषय म्हणून 'कर्ता पुरुष ही पदवी आता रद्द करावी का?' हा ठेवून पाहा. किंवा 'पितृत्व रजा आईच्या रजेइतकी असावी का?' हा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला सध्या पंधरा दिवस मिळतात. या दोन्ही विषयांवर वर्गातली मुलं एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी होणार नाही. प्रत्यक्षात ती कशी होते ते मला जरूर कळवा.