'पेद्रो पारामो' इतकी काळोखी आहे, तरी पूर्ण वाचावी का?

मेक्सिकन लेखक हुआन रुल्फो यांची 'पेद्रो पारामो' ही कादंबरी तुम्ही निम्म्यावर सोडलीत. कोण जिवंत, कोण मेलेलं कळेना, आणि रात्री पुस्तक मिटल्यावर मन जड व्हायला लागलं, असं तुम्ही लिहिलंय. पुढे वाचण्यात अर्थ आहे का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: वाचाच, पण भुताखेतांची गोष्ट म्हणून वाचू नका. (पुढे कथानक उघड केलंय, शेवटसुद्धा. शेवट कळल्याने बिघडेल अशी ही कादंबरी नाही.)

मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. रामकुंड घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. मेक्सिकोतल्या १९५५ सालच्या कादंबरीशी याचा काय संबंध असं वाटेल, पण मला हे पुस्तक उमगलं ते त्या घाटामुळे.

सुरुवात आठवा. हुआन प्रेसियादोची आई शेवटच्या घटका मोजतेय. ती त्याच्याकडून शब्द घेते, कोमाला गावी जा, तुझ्या बापाकडून, तिथल्या जमीनदार पेद्रो पारामोकडून, आपल्या हक्काचं माग. तिचे हात हातात घेऊन तो हो म्हणतो. मनात जायचं नसतं, पण पुढे निघतो. गावात एदुविहेस नावाची बाई त्याला उतरवून घेते, तू येणार हे तुझ्या आईने आजच कळवलं म्हणते. आई तर वारली, असं तो सांगतो. त्यावर ती म्हणते, तरीच तिचा आवाज इतका बारीक येत होता. किती दिवस झाले तिला जाऊन? सात.

इथे मी थांबलो. सातवा दिवस म्हणजे आपल्याकडे अजून सुतक फिटलेलं नसतं, दहावा व्हायचा असतो. आईला दिलेला शब्द मुलाच्या गळ्यात आहे आणि तो रस्त्यावर आहे. रुल्फोंना आपला दहावा माहीत असण्याचं कारण नाही, पण मेलेल्या माणसाचं काहीतरी मागे राहतं आणि ते जिवंतांना फेडावं लागतं, ही भावना त्यांच्या कॅथलिक खेड्यात होती तशीच इथे गोदाकाठी आहे.

रामकुंडावर दशक्रियेला गेला असाल तर हे पाहिलं असेल. पिंड मांडलेला, सगळे चार पावलं मागे सरकलेले, कावळे समोर बसलेले, पण एकही खाली उतरत नाही. मग बायकांमध्ये कुजबुज सुरू होते, धाकटीच्या लग्नाचं फार मनात होतं त्यांच्या. कुणीतरी पुढे होतं, हात जोडून मोठ्याने म्हणतं, 'अण्णा, काळजी करू नका, तिचं आम्ही बघू.' पुन्हा वाट बघायची. कधी कावळा शिवतो, कधी शेवटी दर्भाचा कावळा करावा लागतो. तुमचा कावळ्यावर विश्वास असो-नसो, त्या दहा मिनिटांत मेलेल्याचं राहून गेलेलं चारचौघांत बोललं जातं आणि कुणीतरी ते अंगावर घेतं.

कोमालात ते अंगावर घेणारा उरलेला नाही. कादंबरीत पडक्या घरात राहणारं एक जोडपं आहे, सख्खे भाऊबहीण. त्यातली बहीण हुआनला सांगते की रात्री गावभर आत्मे फिरतात. ते इतके आणि आम्ही इतके थोडे, की त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचासुद्धा आम्ही प्रयत्न करत नाही. तुम्हाला भुतं वाटली ती ही माणसं. ती कुणाला झपाटत नाहीत, कुणाचं वाईट करत नाहीत. नुसती बोलत राहतात, कारण त्यांचं ऐकून घेऊन 'आम्ही बघू' म्हणणारं कुणी नाही. हुआन मरतो तोसुद्धा कुणी मारल्याने नाही, त्या कुजबुजीने.

हे असं का झालं, ते फादर रेंतेरियाच्या प्रसंगात कळतं. माझ्या मते सगळ्या कादंबरीतलं सर्वांत काळं पान तेच. एदुविहेसने आत्महत्या केलेली. तिची बहीण फादरकडे रडत येते, तिला क्षमा मिळेल असं काही करा म्हणते. फादर म्हणतो, खूप प्रार्थना कराव्या लागतील, विशेष मिसा (चर्चमधले प्रार्थनाविधी) कराव्या लागतील, बाहेरून धर्मगुरू बोलवावे लागतील, आणि त्याला पैसे पडतात. तिच्याकडे पैसे नाहीत. विषय संपला. आता दुसरीकडे बघा. पेद्रो पारामोचा मुलगा मिगेल घोड्यावरून पडून मरतो. या मिगेलने फादरच्या सख्ख्या भावाचा जीव घेतलेला, पुतणीवर अत्याचार केलेला. फादर आधी आशीर्वाद नाकारतो. मग पेद्रो पारामो त्याच्यासमोर मूठभर सोन्याची नाणी ठेवतो. फादर तळमळतो, देवापुढे ती नाणी ठेवून भांडतो आणि शेवटी हरतो. पुढे तोच फादर शेजारच्या गावच्या पाद्र्याकडे स्वतःच्या पापांची कबुली द्यायला जातो, तर तो पाद्री याला क्षमा नाकारतो. तिथून पुढे कोमालात क्षमा देण्याचा अधिकार नेमका कुणाकडे उरला?

राहिला गावाचा एकाकीपणा. कोमाला डोंगरदऱ्यात तुटलेलं गाव नाही, ते तोडलं गेलंय. पेद्रो पारामोने जमिनी गिळल्या, माणसं मारली, क्रांतिकारक आले तेव्हा त्यांनाही पैसे चारले. जन्मभर एकाच बाईवर जीव टाकला, सुसाना सान हुआनवर, आणि ती शेवटपर्यंत त्याची झाली नाही. ती गेली तेव्हा, ८ डिसेंबरच्या पहाटे, घंटा वाजायला लागल्या. तीन दिवस थांबल्या नाहीत. लांबच्या गावांतल्या लोकांना वाटलं जत्रा आहे. माणसं लोटली, वाजंत्री आली, सर्कस आली, पाळणे लागले. खाली गावात दिवे आणि गाणी, वर हवेलीत अंधार. त्याचा राग म्हणून पेद्रो पारामो ठरवतो की आपण हाताची घडी घालून बसायचं, गाव उपाशी मरू दे. आणि तो तसंच करतो.

हवेलीची शेती पडीक पडली, अवजारं जाळली गेली, माणसं उठून चालती झाली. जाताना काहींनी आपलं सामान एदुविहेसच्या घरात ठेवलं, नंतर घेऊन जाऊ म्हणून. कुणी परत आलं नाही. काही जण मागे राहिले ते पेद्रो पारामो मरायची वाट बघत, कारण मालमत्ता तुम्हालाच देईन असं म्हणे त्याने सांगितलेलं. हे वाचताना सुरगाणा-पेठकडचे पाडे डोळ्यांपुढे येतात. तिथली घरंच्या घरं मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात, पाड्यावर म्हातारीकोतारी राहतात. आपली माणसं निदान पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात, हा फरक फार मोठा आहे.

रुल्फोंनी हे ऐकीव लिहिलेलं नाही. ते १९१७ सालचे, हालिस्को प्रांतातले. सहा वर्षांचे असताना वडिलांचा खून झाला, दहाव्या वर्षी आई गेली, मग अनाथाश्रम. चर्च आणि सरकार यांच्यातलं क्रिस्तेरो युद्ध १९२६ ते १९२९ त्याच भागात पेटलेलं होतं. तिकडची गावं ओस पडताना त्यांनी पाहिली होती.

आता शेवट. पहिल्याच पानांत हुआनला वाट दाखवणारा खेचरवाला आठवतो? अबुंदिओ. तोही पेद्रो पारामोचाच मुलगा. त्याची बायको मरते. दारू पिऊन तो हवेलीवर जातो आणि बापाकडे भीक मागतो. कशासाठी, तर बायकोला पुरायला पैसे द्या म्हणून. त्यातूनच तो त्याच्यावर सुरा चालवतो. ज्या माणसाने नाणी टाकून आपल्या पोराला क्षमा विकत घेतली, तो मरतो दुसऱ्या पोराच्या हातून, एका साध्या दफनाच्या खर्चावरून. हे दोन प्रसंग रुल्फोंनी कुठेही शेजारी ठेवून दाखवलेले नाहीत. ते वाचणाऱ्याने जुळवायचे आहेत, आणि जुळले की मला तरी पुस्तक काळोखं वाटेनासं झालं. राग आला, आणि तो राग चांगला होता.

तुम्ही बहुधा हुआन मरतो त्याच्या आसपास थांबला असाल. तिथे निवेदकच गेल्यामुळे पुष्कळ जण पुस्तक ठेवून देतात. मी सांगितलेलं निम्म्याहून जास्त त्यानंतर येतं. पुस्तक लहान आहे, प्रकरणं नाहीत, सगळे छोटे तुकडे आहेत. मी मार्गारेट सेयर्स पेडन यांचा इंग्रजी अनुवाद वाचला, तो सोपा आहे. कोण जिवंत कोण मेलेलं याचा हिशोब ठेवू नका, कोण कुणाकडे काय मागतंय तेवढं बघा. संपलं की लगेच पहिल्यापासून पुन्हा वाचा. कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनीही ते एका रात्रीत दोनदा वाचलं होतं. २०२४ साली आलेला सिनेमा मात्र त्यानंतर बघा, आधी नको.