विसरभोळेपणाची गोळी आणि मेंदूची लहर: तुमचे प्रश्न

तेच तेच प्रश्न परत यायलेत, म्हणून यावेळी एकदम घेतो.

ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपायची टेस्ट) काढताना शॉक देतात का? (बाळे)
नाही. मेंदूत मुळातच जो करंट असतो तो फक्त टिपतात. केस धुवून या, तेल चोपडून येऊ नका.

आईला डोनेपेझिल (विसरभोळेपणाची गोळी) सुरू केल्यावर पी-300 टेस्टमधली लहर लवकर यायलीय, पण गॅस अजून चालूच ठेवते. मग गोळी लागू पडली का नाही? (जुळे सोलापूर)
या टेस्टमध्ये ईईजीसारख्याच तारा लावून हेडफोनवर टक टक टक एकच आवाज ऐकवतात, मधेच एखादा वेगळा, तो मोजायचा. तो ओळखला की साधारण 300 मिलिसेकंदांनी लहर उमटते, अल्झायमरमध्ये, म्हणजे विसरभोळेपणाच्या आजारात, ती उशिरा आणि बसकी येते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन या गोळ्या मेंदूतलं ॲसिटाइलकोलीन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, लवकर मोडू देत नाहीत, त्यामुळे काही पेशंटमध्ये लहर थोडी अलीकडे सरकते, हे अभ्यासांत दिसलंय, खोटं नाही. पण नुसत्या वयानंही ती लांबते, कानात मळ असला, रात्री झोप झाली नसली, टेस्टमध्ये डुलकी लागली तरी आकडा बदलतो, आणि लोक तो कागद दहावीच्या मार्कलिस्टसारखा नाचवत येतात! आई स्वतः आंघोळ करते का, पैसे मोजते का, रात्री उठून दार उघडते का, हे लिहून आणा, डॉक्टर त्यावर ठरवतील. गोळी आजार बरा करत नाही, काही काळ सावरते. आणि गॅसचा रेग्युलेटर रोज घरच्यांनीच बंद करायचा, ते काम गोळीवर सोडू नका.

कॅम्पमध्ये ब्रेन मॅपिंगचं (ईईजीवरून मेंदूचा रंगीत नकाशा काढायचं) पॅकेज आहे, रंगीत फोटोवरून गोळी ठरवतात म्हणे. करावं का? (अक्कलकोट रोड)
पैसे वाचवा. आधी बी-12 व्हिटॅमिन आणि थायरॉईड तपासा, त्यांच्या गडबडीनंही विसरायला होतं. दोन वर्षं 'वय झालं' म्हणत घरी बसायचं आणि मग पॅकेज शोधायचं, हे काय बरोबर नाही बघा. न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

बाबांना सर्दी झालीय, मेडिकलमधून गोळी आणू का?
विचारल्याशिवाय नको. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या नेमक्या ॲसिटाइलकोलीनच्या उलट काम करतात.

डोनेपेझिल 5 मिलिग्रॅमची 10 केल्यापासून वडिलांना चक्कर येते, नाडी 48 लागते. शेजारी म्हणतात सवय होईल. ईईजी काढू का? (होटगी रोड)
शेजाऱ्यांचं ऐकू नका. ईईजी नाही, ईसीजी, म्हणजे हृदयाची पट्टी, आणि आजच. या गोळीनं हृदयाचे ठोके मंदावू शकतात. पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा, त्यातली एखादी ठोके कमी करणारी असली तर दोन्ही मिळून त्रास वाढतो.