वाचनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तकांच्या पीडीएफ येतात. ॲडमिन म्हणून मी अडकू शकतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोनशेच्या वर सभासद, बहुतेक निवृत्त मंडळी, रोज दोन-चार मराठी पुस्तकांच्या पीडीएफ. कोणी पैसे घेत नाही, खाली 'फक्त वाचनासाठी, व्यावसायिक हेतू नाही' असं लिहिलेलं असतं. आणि आता कोणीतरी 'ॲडमिनला थेट अटक' असा मेसेज टाकून तुमची झोप उडवली आहे. मी वकील नाही, एका छोट्या प्रकाशनात लेखकांचे करार आणि परवानग्या बघतो. तेव्हा उत्तर थोडं प्रकाशकाच्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आधी ॲडमिनचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असलेल्या माणसावर गुन्हा लावता येत नाही. ॲडमिन लोकांना आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकतो. कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. ते प्रकरण पीडीएफचं नव्हतं, एका बाईंबद्दल लिहिलेल्या अश्लाघ्य मजकुराचं होतं, पण तत्त्व तुमच्या कामाचं आहे. मात्र 'अमुक कादंबरी कोणाकडे आहे का, टाका ना' असं तुम्हीच विचारत असाल, किंवा ग्रुपच्या नावातच 'मोफत पुस्तकं' असेल, तर 'मला काय माहीत' म्हणायची सोय राहत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये उल्लंघन करणाऱ्याबरोबर त्याला मदत करणाराही येतो.

हे कलम वाटतं त्यापेक्षा जड आहे. 6 महिने ते 3 वर्षं कैद, शिवाय 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केलं. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायाधीश कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतात. म्हणजे 'पैसे घेत नाही' याचा उपयोग शिक्षेच्या वेळी, गुन्हा ठरवताना नाही. आणि ती 'फक्त वाचनासाठी'वाली ओळ तर अगदीच निरुपयोगी. उलट ती लिहिणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक होतं, एवढंच तिच्यातून दिसतं.

'पुस्तक उसनं देतो तसंच हे' असं आमच्या ओळखीतले लोकही सांगतात. नाही. उसनं दिलेलं पुस्तक तुमच्या कपाटातून जातं आणि बऱ्याचदा परत येत नाही, पण प्रत एकच राहते. पीडीएफ पाठवली की तुमची तुमच्याकडे राहून आणखी दोनशे तयार होतात. कायद्यात स्वतःच्या वाचनासाठी, संशोधनासाठी, समीक्षेसाठी सवलत आहे, पण अख्खं पुस्तक दोनशे जणांना वाटणं त्यात बसवणं कठीण.

मग काय चालतं? लेखक कधी वारला ते बघा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांची. पु. ल. 2000 मध्ये गेले, म्हणजे 2060 संपेपर्यंत थांबा. (पूर्वी ही मुदत 50 वर्षं होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचे त्यांच्याच विश्वभारती या संस्थेचे हक्क 1991 अखेर संपत होते, तेव्हा ती वाढवली गेली.) मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची 60 वर्षं मात्र छापल्यापासून मोजतात. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या, कवितांचं पुस्तक 1952 मध्ये आलं, म्हणजे 2013 च्या जानेवारीपासून त्या कविता मोकळ्या. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे गेले 1969 मध्ये. म्हणजे पुस्तक स्कॅन करून टाकलंत तर कविता चालतील, प्रस्तावनेची पानं 2029 अखेरपर्यंत काढून ठेवावी लागतील! अनुवाद, संपादकांच्या टिपा, मुखपृष्ठ यांचाही असाच वेगवेगळा हिशेब.

आता खासगीपणाचं, कारण 'नंबर कोणाला कळणार?' असंही तुम्ही विचारलंय. व्हॉट्सॲपवरचा मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरं. मेसेज मुळात कोणी टाकला ते शोधून द्या, असं सांगणारा 2021 चा नियम आहे, पण तो देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण अशा गुन्ह्यांसाठी. कॉपीराइट त्या यादीत नाही. पण तुमच्या बाबतीत एवढ्या लांब जायची गरजच काय? पाठवणाऱ्याचा नंबर ग्रुपमधल्या दोनशे जणांसमोर असतो. त्यातल्या एकाची सून लेखकाच्या नात्यातली निघाली आणि तिने स्क्रीनशॉट काढला की झालं.

टेलिग्रामवर नंबर लपतो म्हणून बरेच ग्रुप तिकडे गेले. त्यांनी ऑगस्ट 2022 चा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश वाचावा. स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणाऱ्या एका शिक्षिकेचं साहित्य चॅनेलांवर फिरत होतं, एक बंद केलं की दुसरं उघडत होतं. टेलिग्रामचं म्हणणं, आमचे सर्व्हर सिंगापुरात, तिथला कायदा माहिती द्यायला आडवा येतो, शिवाय वापरणाऱ्यांचा खासगीपणा आहे. न्यायालयाने चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी ॲड्रेस द्यायला सांगितले, आणि नोव्हेंबरपर्यंत टेलिग्रामने माहिती दिलीसुद्धा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये सांगितलं, त्याची ढाल इथे चालली नाही. मला हा निकाल पटतो, पण त्यातली एक गोष्ट खुपते. दिल्लीत वकील लावून नावं काढून घेणं क्लासवाल्यांना परवडतं. हजार प्रतींची आवृत्ती संपायला चार-चार वर्षं लागतात त्या मराठी लेखकाला नाही. त्यामुळे तुमच्या ग्रुपवर पोलीस येण्याची शक्यता, खरं सांगू का, फार कमी. अंगठा उमटलेले, वाचनालयाचा गोल शिक्का असलेले जुने स्कॅन बघून आम्हीही सोडून देतो. पोटात गोळा येतो तो कडेला कटिंगच्या खुणा असलेली फाइल फिरताना दिसली की. म्हणजे ती डीटीपीवाल्याकडून किंवा छापखान्यातून फुटलेली असते, आणि पुस्तक अजून दुकानातही पोचलेलं नसतं.

तुम्ही करायचं एवढंच: कॉपीराइट अजून संपलेला नाही अशा पुस्तकाची पीडीएफ आली की डिलीट करा, ॲडमिनला ती सगळ्यांच्या चॅटमधून काढता येते. मराठी विकिस्रोत, मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ आणि लेखकांच्या संमतीने पुस्तकं फुकट देणारं ई-साहित्य प्रतिष्ठान यांच्या लिंक ग्रुपच्या वर्णनात टाका. आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. 'व्हॉट्सॲपवरून साभार' किंवा 'कवी अनामिक' म्हणून ज्या कविता येतात, त्यांतले बरेच अनामिक जिवंत आहेत. कलम 57 नुसार लेखकाने हक्क विकले तरी नावावरचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. पहिली ओळ सर्च करून बघा, नाव बऱ्याचदा सापडतं.